हात चांगला, आवाज नाही: सोलापूरच्या एका सॉफ्टबॉल कॅचरचं प्रकरण

जून २०२२ मध्ये नव्या मुलींची यादी करताना आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे मी वहीत लिहिलं होतं, 'हात चांगला. आवाज नाही.' पहिल्या आठवड्यात जे दिसेल ते दोन-चार शब्दांत टिपून ठेवायची माझी जुनी सवय आहे. यातली पहिली नोंद खरी निघाली. दुसरी साफ चुकीची होती, आणि ती चूक कळायला मला चार महिने लागले. हे प्रकरण त्या मुलीचं आहे, पण ते नीट मांडायचं तर माझी चूकही मांडावी लागेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेचं आणि मुलीचं नाव देत नाही. ती आणि तिची आई, दोघींना विचारून लिहिते आहे, लिहिलेलं त्यांना वाचूनही दाखवलं आहे. आई म्हणाली, "विडीचं पण लिवा मॅडम, लपवू नका." म्हणून तेही आहे.

पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत जी कामाला येईल ती भाषा. पद्मशाली समाजाची कितीतरी कुटुंबं इथे पिढ्यान्पिढ्या आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर राबली. सोलापुरी चादरीचं नाव देशभर झालं ते याच बोळांतून. या मुलीचे वडील मागावर बारा तासांची पाळी करतात, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई विड्या वळते. हजार विड्या हा रोजचा हिशेब, आणि हजार व्हायला एका बाईचा अख्खा दिवस जातो. त्यामुळे घरोघरी जे चालतं ते याही घरात चालायचं. मुलगी शाळेतून आली की पानं कापून द्यायची, वळलेल्या विडीचं तोंड दाबून बंद करायचं, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या. घरात दोन लहान भावंडं आणि एक आजी.

तिचा 'चांगला हात' मला दिसला त्याचं मूळ बहुधा इथेच होतं. चेंडू सोडताना तिची बोटं शेवटच्या क्षणापर्यंत चेंडूवर असायची. नव्या मुली चेंडू तळहातात धरून ढकलतात, हिला ते शिकवावं लागलं नाही. जी बोटं दिवसात शेकडो विड्यांची तोंडं एकसारखी बंद करतात त्यांना चेंडूची शिवण कुठे आहे हे न बघता कळत असणार. ही माझी समजूत आहे, मोजमाप नाही.

सॉफ्टबॉल आमच्या शाळेत आला तो जागेच्या अडचणीमुळे. मैदान लहान, त्यातला मोठा तुकडा मुलांच्या क्रिकेटनं व्यापलेला. बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये, म्हणजे धावणाऱ्या खेळाडूनं गाठायच्या दोन थांब्यांमध्ये, ९० फूट लागतात, सॉफ्टबॉलला ६० पुरतात. या खेळाचा जन्मच मुळी छपराखाली झाला. १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात थंडीच्या दिवसांत पोरांनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं आवळून चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला आणि खोलीतच डाव मांडला. नावात 'सॉफ्ट' असलं तरी आजचा चेंडू मऊ नाही. १२ इंच घेराचा, वजनाला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. नडगीवर बसला की आठवडाभर निळं दिसतं. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. आमच्या मुली बहुतेक वेळा जिल्ह्याच्या पायरीवरच थांबायच्या.

आता माझी चूक.

हात चांगला म्हणून मी तिला पिचर केलं. सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू खालून टाकतो. हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण फिरतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. दिसायला सोपं वाटतं, पण खांदा, कंबर आणि पुढचा पाय यांचं वेळापत्रक एकाच क्षणी जुळावं लागतं. तिनं ते सात-आठ आठवड्यांत जुळवलं. सकाळी सहाच्या सरावाला मी भिंतीवर खडूनं चौकट काढायचे आणि ती दहातले सात चेंडू चौकटीत बसवायची. मला वाटलं, यंदा आपल्याला पिचर मिळाली. मी मुख्याध्यापकांनाही तसं सांगून बसले.

त्या पावसाळ्यातल्या जिल्हा स्पर्धेत दुसऱ्याच इनिंगला तिचा हात आखडला. चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. तिनं लागोपाठ पाच जणींना असं चालत सोडलं. बेस भरले, रन ढकलले गेले. मैदानावर पिचर मधोमध उभी असते, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. ती मान खाली घालून पायानं माती उकरत राहिली. आणि मी डगआऊटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, ओरडले, "बोल काहीतरी! तोंड उघड! टीमशी बोल!" एकदा नाही, चार-पाच वेळा. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघत होते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि माझा आवाज त्यामुळेच चढत होता. मी तिच्यासाठी ओरडत नव्हते.

सामना गेला. ती नऊ दिवस मैदानावर आली नाही. शाळेत यायची, मला पाहिलं की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाने जायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. एक खोली, पुढे पडवी. पडवीत आई सूप मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूचा वास. आईनं हात न थांबवता मला चटईवर बसवलं. मी म्हणाले, "अक्का, पोरगी चांगली आहे. फक्त बोलत नाही."

आई हसली. "कोण, ही बोलत नाही? हितं येऊन ऐका की मॅडम. डोकं उठवती नुसती."

मला ते आईचं कौतुक वाटलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणाच्या तरी नळातून फुस्स असा आवाज आला. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. इथे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. ही मुलगी आतून बाणासारखी बाहेर आली आणि बोळात उभी राहून ओरडली, "नीळ्ळु वच्चिनय!" पाणी आलं. मग पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. धाकट्याला पाइप धरायला लावला, मधल्या बहिणीला पिंपाचं झाकण काढायला, आजीला दारातून बाजूला बसवलं, शेजारच्या काकूंना सांगितलं की आधी तुमचे दोन हंडे, मग आमचं पिंप, मग पलीकडच्यांचं. कोण कुठे उभं आहे, कोणाचं काय भरलं, आता कोणाचा नंबर, सगळं तिच्या डोक्यात. आवाज बोळाच्या त्या टोकापर्यंत जात होता. मोठ्या बायका तिचं ऐकत होत्या.

मी चटईवर बसून वहीतली नोंद मनातल्या मनात खोडली.

या मुलीला आवाज होता. तो कधी बाहेर यायचा, हे मी पाहिलं नव्हतं. सगळे आपल्याकडे बघत असले की तिचा घसा बंद व्हायचा. तिचं लक्ष सगळ्यांवर असलं, सगळ्यांची कामं तिच्या हाती असली, की तो उघडायचा. पिचरला सगळे बघतात. मैदानावर एकच जागा अशी आहे की जिथून बाकीचे आठही खेळाडू समोर दिसतात, आणि ती जागा कॅचरची, बॅटरच्या मागे बसून पिचरचा चेंडू घेणारीची. बाकी सगळे होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभी असते तिकडे, तोंड करून उभे असतात, कॅचर त्यांच्याकडे तोंड करून बसते. कोणता बेस रिकामा, किती आऊट झाले, बंट येणार का (बॅट न फिरवता चेंडू हलकेच ढकलणं), कोणी बेस चोरायला, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसकडे पळायला, टपलंय, चेंडू आला तर कुठे फेकायचा, हे तिनं सगळ्यांना सांगायचं असतं. वर तिचा चेहरा मास्कमागे असतो. या मुलीसाठी ही गोष्ट मला वाटलं त्याहून महत्त्वाची ठरली.

निघताना मी तिला एवढंच म्हटलं, "परवा ये. पिचिंग नाही. मागे बसायचंय." माफी मागितली नाही. ती मी पुढच्या वर्षी मागितली, उशिराच.

कॅचर होणं सोपं गेलं असं कोणी समजू नये. पहिले दोन महिने ती प्रत्येक चेंडूला डोळे मिटायची. समोर बॅट फिरत असते, चेंडू बॅटच्या आडून येतो, डोळे मिटणं हा शरीराचा धर्मच आहे. त्यात शाळेकडे कॅचरचं सामान एकच, तेही मोठ्या मुलींच्या मापाचं. छातीचं पॅड तिच्या मांड्यांपर्यंत यायचं. पायाची पॅडं फडक्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचो. आम्ही आधी टेनिसचे चेंडू घेतले, ग्लोव्ह काढला आणि तिला नुसतं अंगावर घ्यायला लावलं. जमिनीवर टप्पा पडून येणारा चेंडू पकडायचा नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघे खाली, हनुवटी छातीला, खांदे पुढे झुकलेले, म्हणजे चेंडू अंगावर आदळून समोरच पडतो. पकडायला गेलं की तो निसटून मागे जातो आणि बेसवरच्या मुली पळायला मोकळ्या. हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेल.

मागच्या जाळीचा प्रश्न तिच्या वडिलांनी सोडवला. आमच्याकडे होम प्लेटच्या मागे जाळी नव्हती. सुटलेला चेंडू थेट कंपाउंडबाहेर गटारात जायचा आणि सरावातला निम्मा वेळ तो शोधण्यात. एके दिवशी ते सायकलवर एक गठ्ठा घेऊन आले. विणीत चूक राहून बाजूला पडलेल्या चार चादरी, कडेनं शिवून एक केलेल्या. दोन बांबूंना बांधल्या की झाला पडदा. जाड चादरीवर चेंडू आदळला की खाली गळून पडतो, उसळत नाही. आजही तोच पडदा वापरतो. ते कधी सामना बघायला आले नाहीत, पाळी सुटत नाही. पण त्या चादरीवर मोराची नक्षी आहे आणि कॅचर तिच्याकडे पाठ करून बसते.

आता भाषेचं. मागे बसून ती बोलायला लागली, पण तेलुगूत. संघात निम्म्या मुलींना तेलुगू येतं, बाकीच्यांत मराठी, कानडी, उर्दू घरांतल्या. सुरुवातीला मी तिला मराठीतून सांगायला लावलं आणि ती पुन्हा गप्प झाली. धावपळीत माणूस ज्या भाषेत घाबरतो त्याच भाषेत ओरडतो. मग मुलींनीच मार्ग काढला. उंच उडालेला चेंडू ज्या मुलीचा असेल तिनं ओरडायचं असतं, नाहीतर तिघी धडकतात किंवा तिघी बघत राहतात आणि चेंडू मधे पडतो. मराठीत आम्ही 'माझा' म्हणायचो. तेलुगूत 'नादि'. दोन अक्षरं, आणि आवाज लांब जातो. बघता बघता शेवटच्या फील्डवरची कानडी मुलगीही "नादि!" म्हणून धावायला लागली. हा शब्द संघाचा झाला, आणि तो तिच्या घरातून आलेला होता. जिची भाषा सगळे बोलायला लागतात तिच्या पाठीचा कणा कसा सरळ होतो, हे मी रोज पाहत होते.

जानेवारी २०२३ मध्ये गड्डा यात्रेमुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे, सराव बंद होता. नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळा झाला की सोलापुरात कोणाचं चित्त थाऱ्यावर नसतं आणि ते तसंच असावं. यात्रा संपल्यावर पहिल्या रविवारी पायांना विश्रांती म्हणून मी मुलींना शाळेच्या संगणकावर टोकियो ऑलिम्पिकचा अंतिम सामना दाखवला. २७ जुलै २०२१, जपाननं अमेरिकेला २-० हरवलं तो. सगळ्यांचं लक्ष जपानची पिचर युकिको उएनोकडे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून जपानला सुवर्ण मिळवून देणारी ही बाई १३ वर्षांनी, वयाच्या ३९ व्या वर्षी, पुन्हा अंतिम सामना खेळत होती. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेचा जोरदार फटका जपानच्या तिसऱ्या बेसवरच्या मुलीला लागून उडाला आणि शॉर्ट स्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूनं, तो हवेतच पकडून दुसऱ्या बेसवर आणखी एक आऊट केला. मुली किंचाळल्या. आमची ही मागून म्हणाली, "मॅडम, कॅचर कोण आहे?" हारुका अगात्सुमा, मी सांगितलं. उरलेला सामना तिनं चेंडू बघितलाच नाही, कॅचरच बघत होती. शेवटी विचारते कशी, "ती पिचरकडे चेंडू परत देताना दर वेळी एवढी थांबती का?" मला उत्तर देता आलं नाही. तिनंच दिलं: "दम घ्यायला लावत असल."

त्यानंतर आमची पिचर अडखळली की ही चेंडू लगेच परत फेकायची नाही. उठायची, दोन पावलं पुढे जायची, चेंडू फडक्याला पुसायची, मग द्यायची. हे मी शिकवलं नव्हतं.

२०२३ च्या हंगामात, ती नववीत आणि १७ वर्षांखालच्या गटात असताना, आम्ही जिल्हा जिंकून विभागाला गेलो. तिथल्या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या इनिंगला आम्ही ५-४ नं पुढे. समोरच्या संघाच्या दोघी आऊट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर खेळाडू. बॅटरला दोन स्ट्राइक, तिसरा झाला की ती आऊट. पिचरनं चेंडू खाली टाकला, बॅटर फसली, बॅट हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक. आमच्या मुली नाचायला लागल्या.

पण सॉफ्टबॉलमध्ये एक नियम आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरनं स्वच्छ पकडला नाही, आणि दोन आऊट झालेले असतील, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. तिला एकतर अंगाला चेंडू लावून आऊट करायचं, नाहीतर ती पोचायच्या आत पहिल्या बेसवर चेंडू द्यायचा. चेंडू आमच्या कॅचरच्या ग्लोव्हच्या कडेला लागून डावीकडे गेला होता. तीन-चार फूटच. बॅटर पळाली. हिनं चेंडू उचलला, पाय न रोवताच फेकला, आणि तो पहिल्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेला. तिसऱ्या बेसवरची आली, ५-५. दुसऱ्या बेसवरची आली, ५-६. सामना संपला.

मी जागेवरून उठले नाही. दातांखाली ओठ धरून बसले होते. पिचर मैदानात मधोमध बसून रडत होती, तिला वाटत होतं आपण चेंडू खाली टाकला म्हणून झालं. कॅचरनं मास्क काढला. मला खात्री होती की ही आता सरळ बसकडे जाणार आणि पुन्हा नऊ दिवस, किंवा नव्वद दिवस. ती पिचरजवळ गेली, तिच्यासमोर उकिडवी बसली, आणि म्हणाली, "नादि." मग मराठीत, कारण पिचर मराठी घरातली, "तुझा नव्हता. माझा होता."

चेंडू आपला आहे हे सांगायला वर्षभर जो शब्द ओरडत होतो, तोच.

परतीच्या बसमध्ये टेंभुर्णीपर्यंत कोणी बोललं नाही. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पाय रोवला असता तर वेळ होता की मॅडम?" मी म्हटलं, होता. सरळ धावणाऱ्या मुलीला ६० फुटांना तीन सेकंदांच्या वर लागतात. तुला एक सेकंद जास्तीचा मिळाला असता. "मग उद्यापास्नं तेच," ती म्हणाली. मी तेव्हा तिला गेल्या वर्षीच्या ओरडण्याबद्दल माफ कर म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते आता जाऊ द्या."

घरातला बदल मी पाहिला नाही, तिच्या आईनं सांगितला, आणि आईच्या आवाजात आनंद आणि धास्ती दोन्ही होतं. विड्या मोजून घेणारा माणूस दर खेपेला काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. ही तक्रार या धंद्यातल्या बायकांची कायमची. एके दिवशी मुलगी आईबरोबर गेली असताना त्यानं नेहमीपेक्षा जास्त बाजूला टाकल्या. हिनं त्या उचलल्या, एकेक करून परत मांडल्या आणि विचारलं, "यात काय खराब आहे, दाखवा." रांगेतल्या बायका गप्प. त्यानं काही परत घेतल्या, काही नाही घेतल्या. आई मला म्हणाली, "बरं वाटलं मॅडम. पण भ्या पण वाटलं. उद्या पानंच कमी दिली तर? तुमी तिला बोलायला शिकिवलं, आता कुठं गप बसायचं ते पण शिकवा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलीला धीट करताना त्या धीटपणाची किंमत कोण मोजणार हा प्रश्न प्रशिक्षक म्हणून मी कधी मनात आणला नव्हता. त्या आईनं तो माझ्यासमोर सूप ठेवावं तसा ठेवला. मी एवढंच केलं की पुढच्या महिन्यापासून सराव संध्याकाळचा काढून टाकला आणि फक्त सकाळी सहा ते साडेसात ठेवला, म्हणजे मुलगी दुपारनंतर घरच्या कामाला मोकळी. हे आधीच करायला हवं होतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा संध्याकाळचा सराव तसाही मुलींचे हाल करणारा असतो.

दहावीच्या वर्षी बहुतेक मुली खेळ सोडतात. घरचे सोडायला लावतात. हिनं स्वतः एका कागदावर दिवस मांडला: सराव, शाळा, विडीचे दोन तास, अभ्यास. तो कागद आईपुढे ठेवून वाटाघाटी केल्या. विडीचे दोन तासांचे दीड झाले, तेही परीक्षेपुरते. २०२४ मध्ये ती राज्य संघाच्या निवड चाचणीपर्यंत पोचली आणि निवडली गेली नाही. तिथे तिच्याहून उंच आणि लांब फेकीच्या कॅचर होत्या. होम प्लेटपासून दुसरा बेस तिरका जवळपास ८५ फूट पडतो, आणि बेस चोरणाऱ्या मुलीला तिथे आऊट करायचं तर चेंडू सरळ रेषेत जावा लागतो. हिचा टप्पा पडून जातो. ती घरी आली, दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी मैदानावर होती. दहावी पास झाली. गणित काठावर.

मला प्रामाणिकपणे सांगायचंय की यातलं किती खेळामुळे झालं आणि किती ती मोठी होत होती म्हणून, हे मी वेगळं काढू शकत नाही. तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी तोच सराव करून, त्याच संघात राहून आणखीच आतल्या आत गेली आणि नववीत सोडून गेली. तिच्या घरी मी कधी गेले नाही. या दोघींमधला जो फरक मला दिसतो तो एवढाच आहे, आणि तो मला टोचतो. खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, हे आम्ही पालकसभेत नेहमी सांगतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, हेही आता सांगू. पण त्या दारापर्यंत शंभरातली एखादी पोचते. बाकीच्या नव्याण्णवांसाठी आम्ही मैदानावर नेमकं काय करतो, ते मला या एका मुलीमुळे थोडं उमगलं.

आता ती अकरावीत आहे. अजून खेळते, आणि रविवारी आमच्या लहान मुलींना शिकवायला येते. जून २०२५ पासून नव्या मुलींना जागा ठरवून देण्याआधी मी प्रत्येकीला विचारायला लागले आहे की घरी तू काय करतेस. मुली मला नीट सांगत नाहीत, मॅडमना काय सांगायचं म्हणून लाजतात. म्हणून ते काम मी हिच्याकडे दिलं. ती त्यांच्याशी तेलुगूत, मराठीत, जमेल तशा कानडीत बोलते आणि माझ्या वहीत लिहिते. यंदाच्या यादीत एका सहावीतल्या पोरीच्या नावापुढे तिच्या अक्षरात आहे, 'पहाटे तीन मजले चढून दूध पोचवते. पाय बघा.'